खूण पटली, पण पेशी बरी झाली का?

मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल मराठीत लिहिले जाते ते बहुधा रुग्णाच्या जिद्दीविषयी. ते लिहायलाच हवे. पण या आजाराकडे बघण्याची वैद्यकाची नजर गेल्या पंचवीस वर्षांत पालटली, आणि त्यामागे मेंदूतल्या एका पेशीची प्रथिने आहेत. ऑलिगोडेंड्रोसाइट हे त्या पेशीचे नाव. मेंदूत आणि मज्जारज्जूत चेतातंतूंभोवती मायलिनचे स्निग्ध वेढे घालणे हे तिचे काम. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा या मायलिनवरच तुटून पडते. जागोजागी डाग पडतात, आणि मग नजर, पाय, बोलणे, लघवीवरचा ताबा, काहीही बिघडू शकते.

ही पेशी तिच्या प्रथिनांवरून ओळखण्याची धडपड रुग्णाच्या किती उपयोगाची, यावर खाटेपाशी उभे राहणारे डॉक्टर आणि प्रयोगशाळेत बसणारे संशोधक यांचे जमत नाही. दोन्ही बाजू मी दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. माणसे रचलेली आहेत, त्यांच्या बोलण्यातले शास्त्र रचलेले नाही. मामा घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आयुष्यभर खुलताबादेत दवाखाना चालवला. भाची बंगळूरुला मेंदूच्या ऊतींवर संशोधन करते. दोघे वेरूळच्या बाराव्या लेण्यात, तीन तालाच्या वरच्या मजल्यावर पोहोचले आहेत.

भाची : मामा, हा मातीचा गिलावा बघा. यातच भांगेचे तंतू सापडले ना?

मामा : हो. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि आपल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई. २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी ते छापलं. गिलाव्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, शेजारी ताज्या भांगेचे नमुने ठेवले आणि खूण पटवली. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, तिथली बरीच चित्रं किडीनं खाल्ली. इथं भांग होती म्हणून कीड लागली नाही, असं त्यांचं म्हणणं.

भाची : मीही तेच करते. माझा गिलावा मेंदूतला, एवढाच फरक.

मामा : आणि तिथंच माझा तुझ्याशी वाद आहे. भांग ओळखली तेव्हा गिलावा का टिकला, हे कळलं. तुझी प्रथिनं ओळखून रुग्णाचा पाय का उचलत नाही, हे कळतं का? शार्कोनं १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हा आजार वेगळा काढला, तेव्हा त्याला यातलं एकही प्रथिन माहीत नव्हतं. आम्हीही रुग्णाला मान खाली घालायला सांगायचो. पाठीच्या कण्यातून वीज उतरल्यासारखं वाटलं तर लेर्मितची खूण. उन्हातून चालत आला आणि नजर अंधुक झाली, सावलीत बसल्यावर परत आली, तर उटहॉफची. १८९० ची आहे ती. मराठवाड्यातल्या मे महिन्याइतकी चांगली तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार?

भाची : पण उटहॉफची खूण दिसते तेव्हा मायलिन आधीच गेलेलं असतं. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो, अंग जरा तापलं की तोही अडतो. मायलिन गेलंय एवढं तुम्हाला कळलं. का गेलं?

मामा : बी१२ कमी असलं तरी मायलिन जातं. आपल्या शाकाहारी घरांत ते किती दिसतं! मणक्याचा टीबी, मेंदूतला टीबी, हेही एमएसचं सोंग घेतात. म्हणून म्हणतो, आधी माणूस तपासा.

भाची : तपासाच. मी पुढचा प्रश्न विचारतेय. एमएसनं गेलेल्या माणसाच्या मेंदूचा पातळ काप घेऊन मायलिनचा रंग चढवला तर डागाच्या जागी रंग धरतच नाही. कोरी जागा. ती तीन कारणांनी कोरी असू शकते. पेशी मेली असेल. पेशी जिवंत असेल पण मायलिन करत नसेल. किंवा नवी पेशी तिथवर आली असेल आणि अर्ध्यात अडकली असेल. तिन्हींवर उपाय वेगळे. प्रथिनांच्या खुणा नसतील तर तिन्ही जागा एकसारख्या दिसतात.

भाचीचा हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. ऑलिगोडेंड्रोसाइट जन्मापासून मायलिन करत नाही. तिची पूर्वज पेशी प्रौढ मेंदूतही विखुरलेली असते आणि तिच्या पृष्ठभागावर पीडीजीएफआर-अल्फा आणि एनजी२ ही प्रथिने असतात. पेशी परिपक्व होऊ लागली की ती मावळतात. नुकतीच वेढे घालू लागलेल्या पेशीत बीसीएएस१ नावाचे प्रथिन काही काळ दिसते आणि पुन्हा ओसरते, त्यामुळे ताज्या कामाचा पुरावा म्हणून त्याला मोल आहे. मग मायलिनची स्वतःची प्रथिने येतात. सर्वांत जास्त वाटा पीएलपीचा, त्याखालोखाल एमबीपीचा. एमबीपी वेढे एकमेकांना घट्ट चिकटवते. ज्या उंदरांत ते जन्मतःच नसते त्यांच्या मेंदूत घट्ट मायलिन जवळपास तयारच होत नाही आणि उंदीर सतत थरथरत असतो. सर्वांत शेवटी, अगदी बाहेरच्या वेढ्यावर, एमओजी येते. प्रमाणाने ते नगण्य, शंभरात एक भागही नाही. पण बाहेर असल्यामुळे प्रतिपिंडांच्या हाती पहिले तेच लागते. पेशीच्या केंद्रकातली ऑलिग२ आणि सॉक्स१० ही दोन प्रथिने मात्र पूर्वज पेशीपासून प्रौढ पेशीपर्यंत साथ सोडत नाहीत. वंश ओळखायला ती, वय ओळखायला बाकीची.

मामा : अर्ध्यात अडकलेल्या पेशी सापडल्या का मग?

भाची : सापडल्या. २००२ साली क्लीव्हलंडच्या ब्रूस ट्रॅप यांच्या गटानं दाखवलं की जुनाट डागांतही कितीतरी ठिकाणी अशा पेशी उभ्या आहेत, हात पसरून, तंतूंना टेकून, पण वेढा घालत नाहीत. तेव्हापासून सगळ्यांना वाटू लागलं की त्यांना नुसतं पुढं ढकललं पाहिजे.

मामा : आणि ढकललं. त्याचं काय झालं तेही सांग.

भाची : क्लेमास्टिन. सर्दी-खाजेवरचं जुनं औषध. सॅन फ्रान्सिस्कोत पन्नास रुग्णांवर चाचणी झाली, २०१७ साली निकाल छापला गेला. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश थोडा लवकर पोहोचू लागला.

मामा : थोडा म्हणजे?

भाची : दोन मिलिसेकंदांपेक्षाही कमी.

मामा : आणि पेशीला रोखून धरणाऱ्या लिंगो-१ या प्रथिनाला अडवणारं ते दुसरं औषध?

भाची : मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही.

मामा : बघ. खूण सांगत होती की पेशी अडकलीय. सोडवून बघितली तर रुग्णाला फरक जेमतेम. २०१९ चा तो स्टॉकहोमचा निबंध मी वाचलाय. मला प्रथिनांतलं फार कळत नाही, पण तो कळला. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या. त्यामुळं हवेतला कार्बन-१४ वाढला आणि पुढं कमी होत गेला. ज्या वर्षी पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेचं प्रमाण तिच्या डीएनएत राहतं. त्यावरून त्यांनी मेंदूतल्या पेशींचं वय काढलं. आपण समजत होतो की एमएसच्या ज्या डागात मायलिन थोडंफार परत आलंय तिथं नव्या पेशींनी काम केलं असणार. वय काढलं तर पेशी जुन्याच! उंदरात जे होतं ते माणसात होत नाही. मग तुमच्या त्या बाल पेशींच्या खुणांमागं वीस वर्षं धावून काय मिळवलं?

भाची : मामा, ज्या केंद्रकांचं वय काढलं ती त्या गटानं वेगळी कशी केली? सॉक्स१० च्या खुणेनं. ती खूण नसती तर जुनी कोण आणि नवी कोण, हा प्रश्नच विचारता आला नसता. तुम्ही माझ्याविरुद्ध जो पुरावा आणला तो खुणेवरच उभा आहे.

मामा : हे मान्य.

भाची : आणि ‘नेचर’च्या त्याच अंकात एडिनबरा आणि स्टॉकहोमच्या गटांचा आणखी एक निबंध होता. एकेका पेशीचं केंद्रक सुटं काढून त्यातली कोणती जनुकं चालू आहेत ते वाचलं. प्रौढ ऑलिगोडेंड्रोसाइट एकाच जातीच्या नसतात, एमएसमध्ये त्यांतले काही प्रकार घटतात, काही वाढतात, असं दिसलं. आणि डाग नसलेल्या, वरून निरोगी वाटणाऱ्या भागातही हा बदल होता. एमआरआयला जिथं काही दिसत नाही तिथं आजार आधीच पोहोचलेला असतो.

मामा : हे मात्र मला माहीत नव्हतं.

इथे माझे मत नोंदवतो. डाग भरून कसा येतो, या प्रश्नावर मामांचा संशय रास्त आहे. पेशीचे नाव आणि वय कळले म्हणजे तिला कामाला लावता येते, असे आजवर तरी दिसलेले नाही. पण याच प्रथिनांनी एक औषध फार पूर्वी दिले आहे, तेही उलट वाटेने. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एमबीपीची नक्कल म्हणून चार प्रकारच्या अमिनो आम्लांची एक साखळी बनवली होती. ती टोचून प्राण्यांत एमएससारखा आजार निर्माण करावा, असा बेत होता. आजार झाला नाही, उलट प्राणी आजारापासून वाचले. तेच पुढे ग्लॅटिरामर, अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालेले आणि आजही दिले जाणारे. बेत फसला तरी निरीक्षण प्रामाणिक असले की शास्त्राला असे दान मिळते.

मामा : आता एमओजीचं सांग. त्याचा गाजावाजा मला आठवतो. २००३ साली मोठ्या अमेरिकी नियतकालिकात आलं होतं की रक्तात एमओजीविरुद्ध प्रतिपिंड असले तर पहिल्या झटक्यानंतर एमएस पक्का होणार हे सांगता येतं. चार वर्षांनी त्याच नियतकालिकात आलं, तसं काही नाही. ज्यांनी त्या चाचणीवर विसंबून रुग्णाला भविष्य सांगितलं असेल त्यांचं काय?

भाची : चाचणी चुकली, प्रथिन चुकलं नव्हतं. त्या वेळी एमओजी उलगडून, सरळ पट्टी करून तपासत. शरीरात ते घडी घातलेलं असतं आणि खरे प्रतिपिंड ती घडीच ओळखतात. पुढं जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर एमओजी जसंच्या तसं उभं करून त्यावर रुग्णाचं रक्तद्रव टाकायला लागले, तेव्हा चित्र लख्ख झालं. ज्यांच्यात ते प्रतिपिंड ठळक सापडले त्यांना एमएस नव्हताच. वेगळा आजार होता. मुलांत जास्त, दोन्ही डोळे एकदम जाण्याची प्रवृत्ती, स्टिरॉइडला चांगला प्रतिसाद. २०२३ साली त्याचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले. आज त्याला मॉगॅड म्हणतात.

मामा : म्हणजे एमएसची खूण म्हणून शोधलेलं प्रथिन एमएस नसल्याची खूण निघालं.

भाची : हो. त्याआधी २००४-०५ मध्ये अ‍ॅक्वापोरिन-४ बाबत असंच झालं. ते तर ऑलिगोडेंड्रोसाइटचं प्रथिनही नाही, शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइटचं आहे. पण त्यावर हल्ला झाला की डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू उद्ध्वस्त होतात, म्हणून कितीतरी वर्षं तो आजार एमएसमध्येच मोजला जायचा. आता त्याला एनएमओएसडी म्हणतात. मामा, बीटा-इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं या आजारात द्यायची नसतात. त्यानं झटके वाढू शकतात.

मामा : (थांबून) हे मात्र पाय न उचलण्याचं कारण झालं.

भाची : आपल्या देशात हा फरक आणखी महत्त्वाचा. ‘आशियातला एमएस वेगळा, डोळे आणि मज्जारज्जूवर जास्त’ असं जुन्या पुस्तकांत असायचं. त्या रुग्णांतल्या अनेकांना एमएस नव्हताच. मंगळूरुला लेखा पंडित यांनी अशा रुग्णांची नोंदवही सुरू केली आणि पेशींवर होणारी ही तपासणी तिथंच उभी केली. बाहेरच्या आकड्यांवरून आपला रुग्ण ओळखता येत नाही.

मामा : एमएस आपल्याकडं कमी, असंही आम्हाला शिकवलं होतं. मुंबईत नोशिर वाडियांनी पारशी समाजात तो बराच जास्त असल्याचं १९९० साली दाखवलं, तेव्हा कान टवकारले.

भाची : मुंबईचं नाव निघालं म्हणून एक सांगते. बॉम्बे हॉस्पिटलच्या भीमसेन सिंघल यांनी अगरवाल कुटुंबांतल्या मुलांत एक विकार पाहिला. पहिल्या वर्षातच डोकं मोठं होतं, मग चालणं हळूहळू बिघडतं, एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सुजलेला आणि त्यात पाण्याच्या पिशव्या. नेदरलँड्समध्ये मार्यो व्हान डेर क्नाप यांनीही तोच विकार ओळखला. २००१ साली त्याचं जनुक सापडलं, एमएलसी१. अगरवाल कुटुंबांत एकच समान बदल निघाला. पण काही रुग्णांत हे जनुक धडधाकट होतं. २०११ मध्ये त्यांचं कारण मिळालं. ग्लायालकॅम नावाचं दुसरं प्रथिन, जे एमएलसी१ ला पेशीत त्याच्या जागी नेऊन बसवतं.

मामा : याचा एमएसशी काय संबंध?

भाची : २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं एमएस रुग्णांच्या पाठीच्या पाण्यातल्या प्रतिपिंडांचा माग काढला. त्यातला एक प्रतिपिंड एप्स्टाइन-बार विषाणूच्या ईबीएनए१ या प्रथिनाला धरतो आणि आपल्याच मेंदूतल्या एका प्रथिनालाही धरतो. ते दुसरं प्रथिन म्हणजे ग्लायालकॅम. अ‍ॅस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइट दोघांच्याही अंगावर असणारं. त्याच वर्षी अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून दुसऱ्या गटानं सांगितलं की या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका सुमारे बत्तीस पट होतो. मुंबईतल्या मुलांचा दुर्मीळ विकार आणि जगभरातल्या तरुणांचा एमएस एका प्रथिनापाशी येऊन भेटले. खुणा ओळखत गेलो नसतो तर हे कधी दिसलं नसतं.

मामा : दिसलं ते थोर आहे. पण घाई नको. हा विषाणू आपल्याकडं बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. मग गल्लीगल्लीत एमएस का नाही?

भाची : विषाणू लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही. आणि ग्लायालकॅमवरचे प्रतिपिंड सगळ्या एमएस रुग्णांत सापडत नाहीत, काहींतच सापडतात.

मामा : मग उद्या पहिल्या झटक्याच्या प्रत्येक रुग्णाची झाडून सगळ्या प्रतिपिंडांची तपासणी करायची का? खुलताबादहून आलेल्या शेतकऱ्याला परवडेल?

भाची : नाही. करूही नये. एमओजीची तपासणी सरसकट सगळ्यांची केली तर अर्धवट होकारार्थी निकाल येतात आणि खऱ्या एमएसच्या माणसाला भलतंच नाव चिकटतं. म्हणून तर २०२३ च्या निकषांनी म्हटलंय की निकाल जेमतेम होकारार्थी असेल तर रुग्णाची लक्षणंही जुळली पाहिजेत.

मामा : म्हणजे कोणाचं रक्त पाठवायचं, हे शेवटी रुग्णाला तपासणाराच ठरवणार.

भाची : तुम्हीच ठरवणार. पण ठरवायला ती प्रथिनं तुम्हाला माहीत हवीत.

या वादात माझा कौल असा आहे : आजार कोणता हे ठरवण्यात भाचीची बाजू खरी ठरली आहे. प्रथिनांच्या खुणांनी एका नावाखाली कोंबलेले निदान तीन आजार सुटे केले आणि त्यांची औषधे वेगळी केली. गेलेले मायलिन परत आणण्यात मात्र त्यांनी अजून रुग्णाला फारसे काही दिलेले नाही, आणि मामांसारख्यांनी ते स्पष्ट म्हणत राहिले पाहिजे. पुढचे उत्तर उंदरात मिळणार नाही, कारण माणसाचा मेंदू उंदरासारखा भरून येत नाही, हे आता कळले आहे. त्यासाठी माणसाच्या मेंदूच्या ऊती लागतात. बंगळूरुच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. नेत्रदानाचा विचार करणाऱ्या मराठी घरांनी तिचीही माहिती करून घ्यावी.

आणि वाचकाला एक कळकळीची विनंती. घरातल्या कुणाची दोन्ही डोळ्यांची नजर एकाच वेळी गेली, दोन्ही पाय अचानक लुळे पडून एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब डाग दिसला, किंवा उचकी आणि उलटी दिवसचे दिवस थांबेना, तर डॉक्टरांना विचारा : अ‍ॅक्वापोरिन-४ आणि एमओजीच्या प्रतिपिंडांची, पेशींवर केली जाणारी तपासणी करायची का? रक्त शक्यतो स्टिरॉइडच्या आधी द्या, प्लाझ्मा बदलण्याआधी तर नक्कीच. अहवालासाठी तातडीचे उपचार थांबवू नका. एमएसचे कायमचे औषध मात्र तो अहवाल हाती आल्यावरच सुरू करू द्या.